पत आणि ऐपत

परीक्षांचे निकाल हाती पडले, की आमच्या पुणे शहरात दरवर्षी एक नवे पीक डोलू लागते. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांतील कचेऱ्यांत बावीस-तेवीस वर्षांची मुले-मुली रुजू होतात आणि महिनाअखेरीस आयुष्यातला पहिला पगार त्यांच्या बँकखात्यात जमा होतो. पगाराची वर्दी देणारा संदेश वाचून होतो न होतो, तोच दुसरा संदेश येऊन थडकतो : आपल्यासाठी लाख रुपयांचे क्रेडिट कार्ड मंजूर झाले आहे! ज्याने स्वतःच्या कमाईतून अजून खोलीचे भाडेदेखील भरलेले नाही, त्याला कुणा अपरिचिताने एका रात्रीत लाख रुपयांचा माणूस ठरवून टाकलेले असते. तो हुरळून ही वार्ता घरी कळवतो. वडील वर्तमानपत्रातून डोके वर काढतात आणि म्हणतात, "आपल्या घराण्यात कुणी कर्ज काढलेले नाही. नको म्हणून कळव त्यांना."

त्या संदेशावर विश्वास ठेवण्यात जितका धोका आहे, जवळजवळ तितकाच या पित्याचे ऐकण्यात आहे, असे आमचे मत आहे. आमच्या पुष्कळ वाचकांना हे विधान रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. ऋण काढून सण करू नये, अंथरूण पाहून पाय पसरावेत, या शिकवणीवर महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या तीन-चार पिढ्या पोसल्या गेल्या आणि त्यांचे त्यात कल्याणच झाले. त्या शिकवणीचा उपमर्द करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु कर्ज वाईट म्हणून पतही नको, असे म्हणणे म्हणजे पुराचे भय वाटते म्हणून विहीरही बुजवण्यासारखे आहे.

पत आणि ऐपत हे दोन शब्द आपण जोडीने वापरतो, म्हणून त्यांचा अर्थ एकच असावा अशी पुष्कळांची समजूत होते. वस्तुतः ऐपत म्हणजे आपल्या गाठीला काय आहे ते, आणि पत म्हणजे आपल्या शब्दावर दुसरा काय सोडायला तयार आहे ते. ऐपत बेताची असूनही बाजारात ज्याच्या शब्दाला किंमत आहे असा माणूस असतो. आणि माडीवर माडी चढवूनही ज्याला कोपऱ्यावरचा दुकानदार चार आण्यांची उधारी देणार नाही, असाही असतो. ऐपत वडिलांकडून वारशाने येऊ शकते. पत मात्र प्रत्येकाला आपापली मिळवावी लागते, आणि ती मिळवायची तर कधीतरी, थोडेसे का होईना, घेऊन ते वेळेवर परत करून दाखवावे लागते. ज्याने कधी कुणाचे काही घेतलेच नाही त्याचा चोखपणा वादातीत असेल. पण तो सिद्ध झालेला नसतो.

आणि कधीच कर्ज न काढलेल्या घराण्याविषयी म्हणाल, तर सदाशिव-नारायण पेठेतील कोणत्या कारकुनाच्या घरी वाण्याची वही नव्हती? महिनाभर डाळ, तांदूळ, गूळ, रॉकेल त्या वहीवर येत असे आणि पगार झाला की गृहस्थ आधी वाण्याची पायरी चढत आणि पै-पै चुकती करून मग घरी येत. आजचे क्रेडिट कार्ड तत्त्वतः त्या वहीहून निराळे नाही. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबने उपाहारगृहांची बिले महिन्याकाठी एकदम भागवण्याची जी सोय काढली, तीही एका अर्थी वाण्याची वहीच होती. आपल्याकडे सेंट्रल बँकेने १९८० साली कार्ड काढले तेव्हा ते मोठ्या साहेबांच्या खिशात असे. २०२४ च्या प्रारंभी देशातील कार्डांची संख्या दहा कोटींवर गेली होती. तेव्हा ही वस्तू यापुढे टाळता येण्याजोगी राहिलेली नाही.

वही आणि कार्ड यांत एक फरक मात्र आहे, आणि आमच्या आजच्या लेखाचे सारे प्रयोजन त्या फरकात आहे. वाणी व्याज घेत नसे आणि तो घर ओळखत असे. वही फुगू लागली, की तो आजोबांना रस्त्यात गाठून हलकेच म्हणे, "अण्णा, यंदा जरा जास्त झाले." बँकेला आपली वही फुगलेली पाहून आनंद होतो. ती हलकेच काही म्हणत नाही; ती पतमर्यादा वाढवून देते आणि तसे करताना अभिनंदनही करते.

आता पतीची नोंद कोण ठेवतो ते पाहू. पूर्वी ती वाण्याच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मनात असे. २००० साली मुंबईत सिबिल ही संस्था निघाली, २००५ साली पतविषयक माहिती ठेवणाऱ्या कंपन्यांचा कायदा झाला आणि आज सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या तुमच्याआमच्या देण्याघेण्याची खतावणी राखतात. ३०० पासून ९०० पर्यंतच्या एका आकड्यात माणसाचा चोखपणा तोलला जातो. जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती निदान दर पंधरवड्याला या कंपन्यांकडे धाडावी लागते. म्हणजे महिनाभर झाकून ठेवता येईल असेही काही उरलेले नाही. एका आकड्यात माणूस मावतो काय, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या मते तो मावत नाही. पण घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर समोरचा अधिकारी तुमच्या घराण्याची कीर्ती विचारत नाही, तो आकडा विचारतो, हेही तितकेच खरे आहे.

त्या आकड्याचे मोल रुपयांत सांगता येते. अनेक बँका गृहकर्जाचा व्याजदर आता कर्जदाराच्या पतनोंदीनुसार कमी-अधिक ठेवतात. पन्नास लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी घेतले आणि साडेआठऐवजी नऊ टक्के दर पडला, तर महिन्याचा हप्ता सुमारे सोळाशे रुपयांनी वाढतो आणि वीस वर्षांत पावणेचार लाखांहून अधिक रक्कम केवळ त्या अर्ध्या टक्क्यापायी जाते. ज्याची नोंदच नाही त्याला निदान दारातून परत पाठवू नये, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने दिली आहे : पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून फेटाळता कामा नये. ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थखात्याच्या राज्यमंत्र्यांनी लोकसभेत याचा पुनरुच्चारही केला. सूचना स्तुत्य आहे. परंतु अर्ज न फेटाळणे निराळे आणि उत्तम दराने कर्ज देणे निराळे.

गोष्ट कर्जापाशी थांबत असती तरी बरे होते. ती आता नोकरीपर्यंत पोहोचली आहे. बँकांच्या नोकरभरतीत उमेदवाराची पतनोंद स्वच्छ असावी अशी अट येऊ लागली असून, एका सरकारी बँकेने प्रतिकूल नोंदीवरून एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली, ती मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ साली वैध ठरविली. आपली देणी आपण आधीच फेडली होती, असे त्या उमेदवाराचे म्हणणे होते. देणे फिटते, पण ते देताना झालेला उशीर वहीत राहतो, हे यावरून आमच्या तरुणांनी ध्यानात घ्यावे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांनी शिक्षणासाठी बँकेचे कर्ज घेतले त्यांची वही नोकरीपूर्वीच उघडलेली असते. पदवीनंतर वर्षभराने हप्ते सुरू होतात, कधी पत्ता बदललेला असतो, कधी नोकरी लांबते, आणि 'नंतर एकदम भरू' म्हणता म्हणता पहिल्याच पानावर शाई सांडते.

यास्तव कार्ड घ्यावे, असा आमचा तरुणांस स्वच्छ सल्ला आहे. पण एकच घ्यावे आणि ते आपल्या हिशेबाने घ्यावे, संदेश पाठविणाऱ्याच्या नव्हे. ज्याला नोंद नाही म्हणून कुणी कार्ड देत नाही, त्याने दहा-वीस हजारांची मुदतठेव ठेवून तिच्या तारणावर कार्ड मागावे. पुष्कळ बँका असे कार्ड देतात, ठेवीवर व्याज चालू राहते आणि मर्यादाच लहान असल्यामुळे बुडण्याइतके पाणी नसते. त्या कार्डावर नव्या हौसा लावू नयेत. ज्यासाठी पैसे एरवीही जाणारच होते असा खर्च लावावा, म्हणजे विजेचे बिल, रेल्वेचा पास, वाणसामान. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे सहसा जाऊ नये, कारण जो मर्यादेच्या काठाशी सदा रेंगाळतो त्याला पैशाची चणचण असावी, असे ही खतावणी समजते. चार बँकांकडे एकाच महिन्यात अर्ज करू नयेत. प्रत्येक चौकशीची टीप राहते आणि घायकुतीला आलेला माणूस कसा दिसतो हे सावकाराला नेहमीच कळत आले आहे. कार्डावर रोख रक्कम काढणे हा तर शुद्ध अविचार होय. तिथे बिनव्याजी मुदत नसते, पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क. मित्राच्या फोनसाठी आपले कार्ड देणाऱ्याविषयी आम्ही काय लिहावे? मैत्री आणि पत या दोन्ही गोष्टी एका दमात पणाला लावण्याची इतकी सोपी युक्ती दुसरी नाही.

हे सारे पाळूनही एका ठिकाणी पाय घसरतो, आणि तिथे तो घसरावा अशी व्यवस्थाच करून ठेवलेली आहे. महिन्याच्या बिलावर दोन रकमा शेजारी शेजारी छापलेल्या असतात. एक एकूण देय आणि दुसरी किमान देय. खरेदीपासून पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंतची जी बिनव्याजी मुदत म्हणून गाजवली जाते, ती एकूण देय रक्कम वेळेवर भरणाऱ्यापुरतीच आहे. किमान रक्कम भरणाऱ्याला उशिराचा दंड होत नाही, त्याच्या नोंदीवर डाग पडत नाही, बँक त्याचा फोन वाजवीत नाही. त्याला वाटते, आपण देणे चुकवले. प्रत्यक्षात त्याची बिनव्याजी मुदत संपलेली असते, जुन्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागलेले असते आणि त्यापुढची नवी खरेदीसुद्धा त्याच चरकात सापडते.

आम्ही हिशेब मांडून दाखवतो. समजा, पन्नास हजारांचे देणे राहिले. व्याज महिना साडेतीन टक्के धरू. कार्डाच्या बाबतीत हा दर मुळीच असाधारण नव्हे. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर. आणि किमान रक्कम म्हणून दरमहा बिलाच्या पाच टक्के. त्या तरुणाने कार्डाला पुन्हा हातही लावला नाही आणि वर्षभर न चुकता किमान रक्कम भरली, तर बारा महिन्यांत त्याच्या खिशातून सुमारे साडेएकोणतीस हजार रुपये जातात. आणि देणे किती फिटते? सहा हजारांच्या थोडे वर! चव्वेचाळीस हजार जवळजवळ जसेच्या तसे उभे असतात. साडेतेवीस हजारांच्या आसपास व्याजात आणि करात गेले, आणि या काळात सिबिलच्या दृष्टीने तो मनुष्य वेळेवर पैसे भरणारा सज्जन होता. इतक्या सज्जनपणे नागवले जाण्याची सोय आमच्या पूर्वजांना उपलब्ध नव्हती.

पूर्वजांचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. याच पुणे जिल्ह्यात, सुपे या गावी, १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जखते बाहेर काढून त्यांची होळी केली. ती आग पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली आणि सरकारला १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करणे भाग पडले. त्याच्याही कितीतरी आधीपासून आपल्याकडे दामदुपटीचा दंडक होता : थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. मुंबई इलाख्यातील न्यायालये तो दंडक मानीत आली. आणि अगदी अलीकडे, २०१४ साली, महाराष्ट्र शासनाने सावकारीच्या नियमनाचा नवा कायदा करून विनातारण कर्जावर परवानाधारक सावकाराने घ्यावयाच्या व्याजाची कमाल मर्यादा शेतकऱ्यासाठी वर्षाला १२ टक्के आणि इतरांसाठी १८ टक्के ठरविली. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. गल्लीतल्या सावकाराने हा दर लावला तर तो गुन्हेगार ठरेल; वातानुकूलित कचेरीतून लावला तर ते करारातील कलम ठरते. सावकारीचा कायदा बँकांना लागू नाही, हे आम्ही जाणतो. तो का लागू नाही, याची कारणेही आम्हांस ठाऊक आहेत. पण कर्जदाराच्या खिशातून जाणारा रुपया कोणत्या कायद्याखाली गेला, याने त्याचे समाधान होत नाही.

हा प्रश्न न्यायासनापुढे गेला नाही असे नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असा निर्णय दिला. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द झाला. व्याजदराचे नियमन हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत आहे आणि उभयपक्षी झालेला करार आयोगाला नव्याने लिहिता येत नाही, हे न्यायालयाचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. परंतु मग चेंडू रिझर्व्ह बँकेच्या अंगणात येऊन पडतो, आणि तिने आजवर आकड्यात बसेल अशी मर्यादा घातलेली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने कार्डांवरील कर्जांसाठी बँकांना अधिक भांडवल राखावयास लावले. म्हणजे हे कर्ज जोखमीचे आहे हे तिलाही मान्य आहे. मात्र ती चिंता बँकांच्या प्रकृतीची होती. कार्ड घेणाऱ्याच्या प्रकृतीची चिंता कोणी वाहावयाची?

रिझर्व्ह बँकेने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२२ च्या आणि त्यानंतरच्या तिच्या नियमांनी ग्राहकाच्या हाती बरीच आयुधे दिली. न मागता कार्ड पाठवून त्याचे बिल लावले तर बँकेला ते रद्द करून दुप्पट रक्कम दंड भरावी लागते. कार्ड बंद करण्याचा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत मार्गी लावला नाही, तर देणे बाकी नसलेल्या ग्राहकाला उशिराच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये. देय तारीख उलटून तीन दिवस लोटल्याखेरीज थकबाकीदार म्हणून नोंद करता येत नाही. पतनोंदीतील चुकीची तक्रार तीस दिवसांत निकालात निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाचे १०० रुपये. प्रत्येक पतनोंद कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, हा नियम तर २०१७ पासूनचा. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास देणे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल, असा इशारा बिलावर छापण्याचे बंधनही याच नियमांत आहे. इशारा छापला जातो. तो इंग्रजीत, बारीक ठशात आणि शेवटून दुसऱ्या पानावर असला तरी छापलेलाच असतो! औषधाच्या बाटलीवर 'विष' हा शब्द असा लिहिला तर आपण त्या कारखानदाराला काय म्हटले असते?

म्हणून आमची मागणी इशाऱ्याच्या पुढची आहे. ज्याचे हे आयुष्यातले पहिलेच कार्ड आहे, त्याच्या बाबतीत एकूण देय रक्कम पगाराच्या खात्यातून आपोआप वळती होण्याची व्यवस्था बँकेने आरंभीच करून द्यावी आणि ती नको असेल तर ग्राहकाने तसे स्वतः लिहून द्यावे. आज उलटे आहे : आपोआप भरण्याची सोय ग्राहकाने मागून घ्यावी लागते आणि ती मागताना 'किमान' आणि 'एकूण' यांतील एक पर्याय निवडावा लागतो. पुष्कळजण तिथे किमान निवडून मोकळे होतात आणि आपण व्यवहारचतुर झालो असे समजतात. दुसरे, किमान देयाच्या रकमेशेजारी, तेवढ्याच मोठ्या ठशात, 'इतकेच भरल्यास एवढे व्याज आणि इतके महिने' असा त्या ग्राहकाचा स्वतःचा आकडा छापला जावा, आणि महाराष्ट्रात मागणाऱ्यास तो मराठीत मिळावा. ज्या यंत्राला आमच्या मुलाची पतमर्यादा क्षणार्धात ठरवता येते, त्याला एवढे त्रैराशिक जड जाण्याचे कारण नाही. पतमर्यादेची वाढ नाकारणाऱ्याला पुन्हा पुन्हा फोन करणेही थांबले पाहिजे. आणि व्याजाच्या कमाल दराबाबत रिझर्व्ह बँकेने एकदा स्पष्ट आकडा उच्चारावा. तो १८ असावा असा आमचा हट्ट नाही; विनातारण कर्जात बुडीत अधिक, हे आम्हांस मान्य आहे. पण ४२ का, याचा जाब कुणीतरी दिला पाहिजे.

बँका हे आपणहून करतील अशी आशा आम्ही बाळगत नाही; किमान रक्कम भरणाऱ्यांच्या जिवावर ज्यांचा या धंद्यातील नफा उभा आहे, त्यांच्याकडून ती बाळगणे भाबडेपणाचे होईल. तोवर घरी करण्याजोगे काम आहे. ज्या पित्याने कार्ड नको म्हणून कळवावयास सांगितले, त्याने मुलाचे पहिले बिल येईल त्या रविवारी त्याच्याशेजारी बसावे, एकूण देयाची ओळ बोटाने दाखवावी आणि खात्यातून ती पुरी रक्कम वळती करण्याची सोय आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावी. उपदेशापेक्षा याला वेळ कमी लागतो. मुलगा आपला विनामूल्य अहवाल मागवील तेव्हा वडिलांनी आपलाही मागवून पाहावा. कर्ज कधीच न काढलेल्या घराण्यातही मेहुण्याला दहा वर्षांपूर्वी दिलेला एखादा जामीन त्यात निघण्याचा संभव आहे.